जुन्या पीएसपीवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: रेव्हलेशन्स’: मशीन निवडण्यापासून भिंतीवरच्या धावेपर्यंत

राजपुत्र भिंतीवर दोन पावलं धावतो आणि सुटतो. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर तो धावतच नाही, चालत चालत कड्यापाशी येऊन थांबतो. जुन्या पीएसपीवर (सोनीच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर) हा खेळ पहिल्यांदा सुरू करणारे इथे आपल्या अंगठ्याला दोष देतात. बऱ्याचदा अंगठा निर्दोष असतो. दोष असतो अंगठ्याखालच्या रबराचा, नाहीतर वर उजव्या कोपऱ्यातल्या आर बटणाचा. कसरतींच्या खेळात मशीन धड नसेल तर कितीही सराव केला तरी उडी जुळत नाही. म्हणून आधी मशीन ठीक करायचं आणि मग राजपुत्राला पळवायचं.

खेळाबद्दल थोडक्यात. ‘वॉरियर विदिन’ हा मोठ्या कन्सोलवरचा खेळ २००४चा. पाइपवर्क्स या स्टुडिओने तो पीएसपीवर आणला, त्यात चार नवे भाग घातले आणि डिसेंबर २००५ मध्ये तो ‘रेव्हलेशन्स’ नावाने आला. पुढे २००७ मध्ये ‘द टू थ्रोन्स’ची हातातली आवृत्ती ‘रायव्हल स्वोर्ड्स’ आली. त्याच वर्षी १९९६च्या मूळ ‘टूम रेडर’चा नवा अवतार ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ही आला आणि तोही पीएसपीवर मिळाला. खाली मशीनबद्दल जे सांगितलं आहे ते या तिन्ही खेळांना लागू पडतं. पुणेकरांना या मालिकेबद्दल जरा जास्त आपुलकी वाटते, त्याला कारणही आहे. याच मालिकेतल्या ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो यूबीसॉफ्ट या प्रकाशक कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेलं.

कोणता पीएसपी घ्यावा

बाजारात मुख्यतः तीन मॉडेलं दिसतात: १०००, २००० आणि ३०००. पडदा तिन्हींचा ४.३ इंची, ४८० बाय २७२ पिक्सेलचा. फरक आत आहे. १००० मध्ये ३२ एमबी मेमरी, तर २००० आणि ३००० मध्ये ६४ एमबी. ही जादा मेमरी डिस्कवरचा मजकूर आधीच वाचून ठेवायला वापरता येते, त्यामुळे एका भागातून दुसऱ्या भागात जाताना कमी थांबावं लागतं. ‘रेव्हलेशन्स’मध्ये भूतकाळ आणि वर्तमान यांच्यात सतत ये-जा असते, त्यामुळे हा फरक जाणवतो. वजनातही तफावत आहे: १००० सुमारे २८० ग्रॅम, तर पुढची दोन्ही मॉडेलं सुमारे १८९ ग्रॅम. तासभर आर दाबून धरायचं असेल तर मनगटाला हे नव्वद ग्रॅम कळतात.

पडद्याच्या बाबतीत प्रत्येकाचं काहीतरी दुखणं आहे. १०००च्या पडद्यावर वेगाने हलणाऱ्या चित्रामागे सावली रेंगाळते. ३०००चे रंग सुंदर आहेत, पण जोरात हालचाल झाली की बारीक आडव्या रेषा दिसतात. या खेळापुरतं विचाराल तर चांगल्या अवस्थेतला २००० किंवा ३००० घ्यावा. मात्र धड अ‍ॅनलॉगचा (अंगठ्याने सरकवून दिशा द्यायच्या गट्टूचा) १००० आणि डुगडुगत्या अ‍ॅनलॉगचा ३००० असे दोन समोर असतील तर डोळे मिटून १००० उचला.

‘पीएसपी गो’मध्ये डिस्क बसत नाही, तेव्हा डिस्कवर खेळायचं असेल तर तो बाद.

विकत घेताना तपासणी

पुण्याच्या जुन्या बाजारात, म्हणजे मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या बाजारात, असा माल हाती लागला तर तिथे प्लग शोधत बसायला नको. बरोबर तीन वस्तू न्या: ५ व्होल्ट, २ अँपिअर देणारी पॉवर बँक, यूएसबीपासून पीएसपीच्या गोल पिनपर्यंतची केबल (पिनचा बाहेरचा व्यास ४.० मिलिमीटर, आतला १.७) आणि चालत असल्याची खात्री असलेली एक यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या खेळाची छोटी डिस्क. अशी केबल तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात माप सांगून मागा. नुसतं ‘पीएसपीची पिन’ म्हटलं तर जवळपासच्या मापाची ढिली पिन हातात पडते.

पीएसपी बॅटरीशिवायही अ‍ॅडॅप्टरवर चालतो. म्हणून आधी बॅटरी काढा आणि पॉवर बँकेवर मशीन सुरू करा. सुरू झालं तर बोर्ड आणि चार्जिंगचा जॅक ठीक आहे. बॅटरीचा हिशेब नंतर. ‘चालू होत नाही, बॅटरी गेलीये फक्त’ असं विक्रेता म्हणाला तर खरंखोटं तिथेच कळतं.

अ‍ॅनलॉग तपासायची सोपी युक्ती: मेनूमध्ये इंटरनेट ब्राउझर उघडा. इंटरनेट नसलं तरी चालेल. ब्राउझरमध्ये बाण अ‍ॅनलॉगने हलतो. आता अंगठा उचला आणि दहापर्यंत मोजा. बाण आपोआप सरकत असेल तर अ‍ॅनलॉग वाहतो आहे. मग चारही दिशांना पूर्ण ढकलून पाहा. तीन दिशांना बाण सुसाट जातो आणि चौथ्या दिशेला रांगतो, असं असेल तर राजपुत्र त्या दिशेला धावणार नाही, चालेल.

एल आणि आर तपासायला घरूनच मेमरी कार्डावर दहा-बारा फोटो टाकून ठेवा. फोटो मोठा करून पाहताना या दोन बटणांनी मागचा-पुढचा फोटो येतो. प्रत्येक बटण बाहेरच्या टोकाला, मध्ये आणि आतल्या टोकाला असं तीन जागी दाबा. फक्त टोकाला जोर दिल्यावरच फोटो बदलत असेल तर ते बटण आज ना उद्या दगा देणार, आणि या खेळात आर म्हणजे अर्धा जीव.

शेवटी डिस्क घाला आणि कान द्या. सुरुवातीची हलकी घरघर ठीक. पण टकटक, मग शांतता, मग पुन्हा टकटक, असं चाललं असेल तर लेन्स मळलेली आहे किंवा थकलेली आहे.

अ‍ॅनलॉगची दुरुस्ती

हा भाग सावकाश वाचा. सगळ्यांत जास्त फायदा इथेच आहे.

पीएसपीचा अ‍ॅनलॉग हा सरकणारा चपटा गट्टू आहे. त्याची बोर्डाशी जोडणी तारेने नाही, तर विद्युतवाहक रबराच्या छोट्याशा तुकड्याने होते. रबराच्या एका बाजूला अ‍ॅनलॉगचे चार संपर्कबिंदू, दुसऱ्या बाजूला बोर्डावरचे चार. त्यात घामाचा थर आला, धूळ गेली किंवा रबर केसभर सरकला की दिशा चुकीची वाचली जाते. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या मशीनमध्ये हे हमखास आढळतं.

साहित्य: शून्य-शून्य मापाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी (जुनं सिम कार्डही चालतं), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकाड्या, चिमटा, पांढरा कागद. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि मागे चिकट थर राहतो. थिनर किंवा पेट्रोल तर मुळीच नको, प्लॅस्टिक खातं.

मशीन पूर्ण बंद करा. स्विच झटकून सोडला तर ते फक्त झोपतं. स्विच वर ओढून हिरवा दिवा विझेपर्यंत धरा. मग बॅटरी, डिस्क आणि कार्ड काढा.

कागदावर पीएसपीच्या पाठीचं ढोबळ चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रावर ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर पुढच्या झाकणाला आतून टेंगूळ येतं किंवा तडा जातो. बॅटरीच्या खाचेतले स्क्रू बरेच जण विसरतात. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, तिथे पाहा. स्टिकरखाली लपलेलाही असतो.

पुढचं झाकण उचलताना खाली रुमाल पसरलेला असू द्या. १००० मध्ये अ‍ॅनलॉग झाकणाबरोबरच वर येतो आणि रबराचा तुकडा सुटून पडतो. तो तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा असतो, फरशीवर पडला तर शोधून सापडत नाही. २००० आणि ३००० मध्ये अ‍ॅनलॉग दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो, ते काढून तो सरळ वर उचला.

आता कानकाडी अल्कोहोलमध्ये बुडवून पिळून घ्या, ओली ठिपकणारी नको. बोर्डावरचे चार बिंदू एकाच दिशेने पुसा. रबराच्या दोन्ही बाजू पुसा, पण घासू नका. वरचा वाहक थर निघतो. पाच मिनिटं वाळू द्या. रबर परत बसवताना तो सपाट आणि सरळ बसला आहे ना, हे आडव्या उजेडात पाहा. तिरका बसला तर दुरुस्तीनंतर पूर्वीपेक्षा वाईट परिस्थिती होते आणि माणूस समजतो की भाग जळाला.

झाकण बसवण्याआधी अ‍ॅनलॉग चारही बाजूंना हलवून पाहा. तो प्रत्येक वेळी मध्यावर परत यायला हवा. एका बाजूला अडकत असेल तर आतल्या स्प्रिंगा गेल्या. गट्टू उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, अख्खा भाग बदला. १०००चा अ‍ॅनलॉग २०००-३०००ला बसत नाही, वरची टोपीही वेगळी असते. मागवताना मॉडेल नंबर सांगा. तो बॅटरीच्या खाचेत छापलेला असतो.

सगळं बंद करून पुन्हा ब्राउझरमधली बाणाची चाचणी घ्या.

आर बटणासाठी वेगळं उघडावं लागत नाही, याच वेळी ते उरका. प्लॅस्टिकच्या बटणाखाली छोटा स्विच असतो. बटणाच्या मागची बाजू आणि बिजागरीची खाच पुसा, स्विचच्या कडेला अल्कोहोलचा एक थेंब सोडा आणि वीस-तीस वेळा दाबा. पुढे खेळात खात्री करून घ्या: शत्रू समोर असताना आर धरून ठेवला की राजपुत्र तलवार आडवी धरतो. धरलेला असतानाही पवित्रा मध्येच सुटत असेल तर स्विच झिजला आहे आणि तो कारागिराकडून बदलून घ्यावा लागेल.

बॅटरी

सपाट काचेवर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगली आहे. वापरू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. मूळ बॅटरी १०००ची १८०० मिलीअँपिअर-तास आणि २०००-३०००ची १२००. याच आकारात याच्या दुप्पट आकडा छापलेली बॅटरी दिसली तर तो आकडा खरा नाही. सिस्टम सेटिंग्जमध्ये बॅटरीची माहिती दिसते. टक्केवारी ६० वरून एकदम १५ वर घसरत असेल तर ऐन पाठलागात मशीन झोपणार. २००० आणि ३००० यूएसबीवरूनही चार्ज होतात, त्यासाठी सेटिंग्जमध्ये यूएसबी चार्ज चालू करावं लागतं. १००० होत नाही. खेळताना कडेचं वायफायचं बटण बंद ठेवा. हा खेळ अंधारा आहे, आणि पडद्याची सर्वांत उजळ पायरी अ‍ॅडॅप्टर जोडल्यावरच मिळते, म्हणून दुपारी गॅलरीत बसून खेळण्यापेक्षा रात्री खोलीत खेळा.

कार्ड आणि डिस्क

मेमरी स्टिक प्रो ड्युओ कार्ड आता महाग पडतं. मायक्रोएसडी बसवायचा अ‍ॅडॅप्टर स्वस्त आणि पुरेसा. मायक्रोएसडी मात्र नामवंत आणि खात्रीच्या दुकानातलं घ्या. नकली कार्ड ३२ जीबी दाखवतं, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी साठवतं, आणि ते भरलं की सेव्ह फाइल खराब होते. विकत घेतल्यावर संगणकावर कार्ड काठोकाठ भरून, फाइली परत उघडून पाहा. मग पीएसपीमध्येच फॉरमॅट करा.

सेव्ह फाइली ‘पीएसपी’ फोल्डरमधल्या ‘सेव्हडेटा’मध्ये असतात. जुन्या मिनी यूएसबी केबलने संगणकाला जोडून आठवड्यातून एकदा त्या फोल्डरची प्रत काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

पीएसपीच्या खेळांना प्रदेशाचं बंधन नाही. अमेरिकेची, युरोपची, जपानची, कुठलीही डिस्क चालते. मशीन जपानी असेल तर मेनूत ‘हो’ म्हणायला एक्सऐवजी वर्तुळ दाबावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा. डिस्कचं प्लॅस्टिकचं कवच शिवणीवर उकललेलं नसावं. उकललं असेल तर आतली चकती कवचाला घासते. रिकामी कवचं वेगळी मिळतात, चकती काढून त्यात बसवता येते. चकती पुसायची झाली तर चष्म्याच्या फडक्याने, मध्यापासून कडेकडे. गोल गोल पुसू नका. पावसाळ्यात डिस्का सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

खेळताना

पीएसपीला दुसरा अ‍ॅनलॉग नाही. मोठ्या कन्सोलवर उजव्या अंगठ्याने कॅमेरा फिरवत उडी मारायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागते. खोलीत शिरल्यावर आधी थांबा, कॅमेरा स्थिर होऊ द्या आणि मगच दिशा धरा. राजपुत्राची दिशा कॅमेऱ्याच्या सापेक्ष असते. धावता धावता कॅमेरा वळला की तुमची ‘वर’ ही त्याची ‘तिरकी’ होते, आणि माणूस नेमका कड्यावरून उतरतो.

पकड अशी: दोन्ही तर्जन्या एल आणि आरवर कायम टेकलेल्या, मशीनचं वजन मधल्या बोटांवर. तर्जनीने मशीन पेललं तर आर अर्धवट दाबला जातो.

भिंतीवर आडवं धावायचं तर भिंतीला जवळजवळ समांतर पळत या, भिंतीपासून एक हात अंतरावर आर दाबा आणि धरून ठेवा. दिशाही धरून ठेवा. सोडलेला आर हे पडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. उडीसाठी एक्स दाबताना उजव्या हाताची तर्जनी नकळत सैल पडते. पहिल्या सुरक्षित भिंतीवर, खाली सपाट जमीन असताना, हे वीस वेळा करा: आर धरून ठेवत एक्स दाबणं. भिंतीवरून एक्स दाबला की राजपुत्र भिंतीपासून दूर झेपावतो. धाव खालच्या दिशेला कलायला लागण्याच्या किंचित आधी दाबला तर सर्वांत लांब जातो. भिंतीला दोर लटकत असेल तर धाव त्याच्यापर्यंत नेता येते आणि तो धरून लांबवता येते.

उभं चढायचं तर भिंतीकडे नाक करून, अगदी जवळ जाऊन आर. कोन थोडा तिरका असला तरी तो आडवा धावायला लागतो. समोरासमोर दोन भिंती असतील तर वर चढून एक्स, समोरच्या भिंतीला पाय लागताच पुन्हा एक्स. इथे घाईने दोनदा दाबू नका, पाय टेकलेला दिसू द्या.

चुकलात तर एल. वाळूच्या एका टाकीच्या बदल्यात काळ मागे जातो. पडायला सुरुवात होताच दाबा, जमिनीवर आदळायची वाट बघत बसलात तर मागे जायला पुरेसा काळ उरत नाही. आणि मागे जाताना फार मागे जाऊ नका; पुन्हा त्याच वेगात कड्याकडे धावत असाल अशा क्षणी सोडलंत तर टाकी फुकट जाते. दोन्ही पाय स्थिर जमिनीवर आले की सोडा.

सेव्ह कारंज्यापाशीच होतं, पाणी प्यायल्यावर जखमाही भरतात. सेव्हच्या यादीतल्या दोन जागा आलटून पालटून वापरा, एकाच जागी सेव्ह करत राहू नका. काळाच्या दरवाजांतून जाता-येता वाट चुकणं या खेळात सहज होतं, आणि दोन कारंजी मागची प्रत असेल तर तासाभराचं नुकसान दहा मिनिटांवर येतं. सेव्ह होत असताना कडेचा पॉवर स्विच चुकून सरकला तर फाइल जाते. म्हणून तेवढ्यापुरता उजवा हात उचला.

दहाका, म्हणजे राजपुत्राच्या मागे लागलेला राक्षस. त्याच्या पाठलागात लढायचा विचारही करू नका. तो पाणी ओलांडत नाही, पाण्याचा पडदा गाठेपर्यंत पळायचं. कॅमेरा मध्येच समोरून दाखवतो, तेव्हा दिशा उलटी वाटते. अंगठा न हलवता आहे तीच दिशा एक क्षण धरून ठेवली तर बहुतेक वेळा निभावतं. वाटेतले सापळे चालत पाहायची मुभा नसते, म्हणून पहिला प्रयत्न वाट पाठ करण्यासाठी खर्च करा आणि टाक्या दुसऱ्या प्रयत्नासाठी भरून ठेवा.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी

आपल्याच डिस्कची प्रत असेल तर पीपीएसएसपीपी या मोफत एम्युलेटरवर (पीएसपीची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपवर) हा खेळ फोनवर चालतो. चित्र दुप्पट रिझोल्यूशनवर, म्हणजे ९६० बाय ५४४ वर ठेवा आणि फ्रेम वगळायची सोय बंद करा. फ्रेम गाळल्या की उडीची वेळ डोळ्याला कळत नाही. काचेवरच्या बटणांनी मात्र खेळू नका. आर धरून एक्स दाबायचा तर काचेवर दोन्ही एकाच अंगठ्याच्या वाट्याला येतात. ब्लूटूथ कंट्रोलर घ्या आणि डेडझोन (मध्याजवळची जेवढी हालचाल मोजली जात नाही तेवढा भाग) शून्याजवळून सुरू करून, वाहणं थांबेल इतपतच वाढवा. जास्त वाढवला तर चालणं आणि धावणं यांतला फरकच उरत नाही. एम्युलेटरच्या स्टेट सेव्हवर (खेळ कुठेही आहे तसा साठवायच्या सोयीवर) विसंबू नका. नव्या आवृत्तीत ते उघडलं नाही तर कारंज्यावरचं सेव्हच कामी येतं.

शेवटाकडे जाण्याआधी

आयुष्यवाढीच्या नऊ जागा आहेत आणि प्रत्येकीच्या वाटेवर सापळे आहेत. नऊही मिळाल्या तरच पाण्याची तलवार मिळते, आणि तिच्याशिवाय खरा शेवट दिसत नाही. तो दिसतो तेव्हा समोर शेवटी दहाका असतो. त्यामुळे शेवटच्या लढाईसाठी सिंहासनाच्या दालनाकडे वळण्याआधी आयुष्यवाढी मोजा. आठच झाल्या असतील तर ते सेव्ह तसंच राहू द्या, दुसऱ्या जागी नवं सेव्ह करा, आर बटण एकदा पुसून घ्या आणि नववी शोधायला मागे फिरा.